सराव पाहताना



या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरी ऐकली, पानिपत ऐकले, शेतीचे अर्थकारण ऐकले. त्याच जागी आज कबड्डीवर बोलावयास वरकुट्याचा एक निवृत्त व्यायामशिक्षक उभा आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कबड्डीचा सराव’ असे कळविले. त्यांनी उलट विचारले, ‘कबड्डीचा सामना, असे म्हणावयाचे आहे काय?’ मी पुन्हा कळविले, सरावच. सामना पाहण्यास आपणांस माझी गरज नाही. तेथे दिवे असतात, कर्णा असतो, आणि हल्ली घरात बसूनही तो दिसतो. परंतु हंगाम उभा राहण्याआधी दोन-दोन महिने व्यावसायिक संघ काय करीत असतो, हे पाहावयास आपल्याकडे कोणी जात नाही.

इतरत्र लोक जातात. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. लंबवर्तुळाकार मैदान, एका बाजूला अठरा गडी, चेंडू हातानेही घ्यावयाचा आणि पायानेही मारावयाचा. त्याचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो. पण त्याआधीच्या भर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, संघ सरावाला उतरतात आणि माणसे कुंपणाशी उभी राहून तो पाहतात. कोण बारीक झाला, कोण लंगडतो आहे, नवा पोरगा कसा पळतो, यावर तेथे तासन् तास चर्चा चालते. आपल्याकडे ही रसिकता एका ठिकाणी मात्र होती, ती तालमीत. गावातली म्हातारी माणसे संध्याकाळी तालमीच्या उंबऱ्यावर बसून पोरांची मेहनत बघत. जोर किती मारले, दम कुठे सुटला, सगळे त्यांना ठाऊक असे. कबड्डीच्या वाट्याला ते उंबरे आले नाहीत.

वास्तविक ही कबड्डी आपल्या अंगणातली. हुतूतूला नियमांची चौकट घालण्याच्या कामी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा हात लागला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ परदेशीयांना करून दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. पुढे २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाला बाजारभाव आला. त्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०१८ साली इराणच्या फजल अत्राचलीने कोटीचा आकडा गाठला. २०२३ साली पवन सेहरावतची बोली दोन कोटी साठ लाखांवर गेली. आमच्या पोरांना हे सर्व आकडे तोंडपाठ आहेत. सतराचा पाढा येत नाही तो भाग निराळा.

गेल्या आषाढात अशाच एका संघाचा सराव मला चार दिवस पाहावयास मिळाला. संघाचे नाव मी सांगत नाही. त्यांनी मला कोपऱ्यात बसू दिले, तेवढ्यावर त्यांच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणे बरे नव्हे. मोठी पत्र्याची शेड होती, आत मॅट अंथरलेली, तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी आखलेली.

पहिल्या सकाळी मी सव्वा तास बसलो आणि त्या सव्वा तासात ‘कबड्डी’ हा शब्द माझ्या कानी पडला नाही. पोरे आधी वजनाच्या काट्यावर चढली. लीगमध्ये ८५ किलोच्या वर वजन चालत नाही, म्हणून एक चांगला आडदांड गडी दीड किलोपायी रडकुंडीस आला होता. त्याच्या ताटातला भात पुढे चारही दिवस मोजलेला मी पाहिला. मग सर्वांनी एका पायावर उभे राहावयाचे, डोळे मिटून. मग रबरी पट्टा गुडघ्यांवर अडकवून खेकड्यासारखे आडवे चालावयाचे. मग उडी मारून खाली यावयाचे, पण असे की गुडघा आत वळता कामा नये. मग पडावयाचे. होय, पडण्याचाच सराव. खांद्यावर कसे पडावे, कुशीवर कसे लोळावे, हात ताठ टेकू नये. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांना उठावयास पुष्कळ शिकविले. पडावयास शिकविणारा शिक्षक मी तेथे प्रथम पाहिला.

त्यानंतर पकडीचा सराव सुरू झाला आणि खरे पाहण्यासारखे जे होते ते तेथे होते. आपण सामना पाहतो तेव्हा आपला डोळा चढाई करणाऱ्यावर असतो. एकटा गडी सातांच्या घरात शिरतो, तीस सेकंदांत कोणाला तरी शिवून परत येतो; यात नाट्य आहे, टाळी आहे. पण सरावात दिवसाचा मोठा वाटा त्या सातांवर खर्च होत होता. प्रशिक्षक चढाईच्या गड्याला सांगे, ‘चाल. पळू नकोस.’ तो अगदी वरातीत चालावा तसा चाले, आणि समोरची साखळी त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकी. तो डावीकडे गेला की उजवा कोपरा आत येई, मधले दोघे हातात हात धरून अर्धे पाऊल मागे सरत. मग एक शब्द होई आणि कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेप घेई. दोन्ही हातांची मिठी, घोटा छातीशी ओढलेला, डोके बाजूला; डोके समोर राहिले तर चढाई करणाऱ्याचा गुडघा कानशिलात बसावयाचा. एवढ्याने पकड होत नाही. घोटा धरलेला गडीही मध्यरेषेकडे अंग झोकून देतो, आणि हाताचे एक बोट रेषेपार गेले तरी धरणारेच बाद होतात. म्हणून घोटा धरला त्याच क्षणी दुसऱ्याने कमरेवर आणि तिसऱ्याने रेषेच्या बाजूने आडवे यावयाचे असते.

हे एकच त्यांनी चाळीस-पन्नास वेळा केले. प्रशिक्षक घोटा धरणाऱ्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर तिसऱ्या गड्याच्या पायांवर होती. एकदा एकोणीस-वीस वर्षांच्या एका पोराने मोठी सुंदर झेप घेऊन एकट्याने गडी पाडला. मी टाळी वाजविणार होतो. तोच प्रशिक्षकाने खेळ थांबविला आणि त्या पोराला बाहेर बसविले. ‘आज पडला, उद्या पडायचा नाही. तू कोणाला विचारून गेलास?’ एवढेच तो म्हणाला.

नियम माहीत असलेल्यांना यातले मर्म कळेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असता पकड झाली, तर एक गुण जास्त मिळतो. या दोन्ही प्रसंगांचे सराव निरनिराळे. तिघांची पकड दुपारनंतर, पाय थकल्यावर घेतली जात होती. कारण सामन्यात ती वेळ थकल्यावरच येते.

आणखी एका गड्याविषयी सांगितले पाहिजे. तो पहिल्या सातांत नव्हता, बहुधा बारांतही बसणार नव्हता. त्याचे काम असे की, प्रतिपक्षातील नामवंत चढाईपटूंच्या चाली हुबेहूब करून दाखवावयाच्या. आज याची, उद्या त्याची. कोण कोणत्या पायाने आत येतो, कोण बोनस रेषेवर फसवितो, कोण डुबकी मारतो, सगळे सोंग त्याला वठत होते. बहुरूप्यासारखे दिवसभर दुसऱ्यांचे खेळ खेळून पोरगा अंग चोळीत बसे. हंगामात त्याचे नाव कोणी घेतले नसेल. मला तो फार आवडला.

पुणेरी पलटणचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले म्हणून देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांची अंतिम लढत झाली. नियमांवरून खेळ बराच वेळ खोळंबला, आणि अखेर भारताने ती ३३-२९ अशी जिंकली. भारताच्या बाजूने अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार होता, इराणच्या बाजूने मोहम्मदरेझा शादलू. त्यानंतर काही दिवसांतच लिलाव झाला आणि पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. परवापर्यंत एकमेकांच्या उरावर बसणारे दोघे एका साखळीत आले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. एकाला फारसी येते, दुसऱ्याला मराठी. यांचे जमले ते कोठे? सामन्यात भाषा शिकावयास सवड नसते. ते सरावाच्या मॅटवर जमले, दुसरी जागाच नाही.

पुढच्याच हंगामात, २०२४ मध्ये, अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला आणि गतविजेता संघ पहिल्या सहांतही आला नाही. २०२५ मध्ये तो परतला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे दिल्लीने ३१-२८ असे हरविले. गुडघा असा आहे. हाताशी डॉक्टर, शुश्रूषा, पैसा असलेल्या संघाला तो एवढा महागात पडतो.

आता आमच्याकडे या. वरकुट्याच्या आसपास जत्रेच्या दिवसांत कबड्डीचे सामने होतात. मैदान म्हणजे पाणी मारून धोपटलेला मुरूम. सामने रात्री दहाला सुरू होतात आणि पहाटे संपतात. दिवसभर उसाच्या फडात किंवा कारखान्यावर राबलेला पोरगा जेवून येतो, खांद्यावर टॉवेल टाकून बारापर्यंत थंडीत बसतो, नाव पुकारले की उठून थेट चढाईला जातो. आणि सगळ्यांना चढाईच करावयाची असते. आमच्या संघात सात गडी असतील तर पाच चढाईचे, आणि उरलेले दोन नाइलाजाने कोपऱ्यात. साखळी म्हणून काही नाही. जो तो एकटा झेप घेतो, आणि वर तीन गडी आपलेच पडतात.

तीन वर्षांमागे शेजारच्या एका गावी रात्री दोनच्या सुमारास आमच्या गावचा एक मुलगा चढाईवरून वळताना बसला. त्याला कोणी शिवलेही नव्हते. पाय जागी राहिला आणि अंग वळले. गुडघ्याच्या आत हाडांना जखडणारी दोरी असते, ती तुटली. मोच आहे म्हणून दीड महिना तेल चोळले. सूज उतरली, पोरगा पुन्हा खेळला, पुन्हा बसला; तेव्हा आतली गादीही फाटलेली निघाली. खर्चासाठी घरची दोन गुरे गेली. आज तो जिना उतरताना कठड्याला धरतो. वय तेवीस.

अशा दुखापती नशिबाच्या मानण्याची आपली रीत आहे. फुटबॉलवाल्यांनी तसे मानले नाही. वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम त्यांनी बसविला. हळू धावणे, एका पायावर तोल, नीट उडी, नीट वळणे. नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या मुलींच्या संघांवर त्याची परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. जे संघ हा क्रम करीत होते त्यांच्यातील गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी भरल्या. त्याला यंत्र लागत नाही, मॅट लागत नाही. त्या शेडमध्ये पहिल्या सव्वा तासात मी जे पाहिले, ते बहुतांशी याच जातीचे होते.

परत आल्यावर गावात मी हे सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘गुरुजी, मॅट केवढ्याला पडते?’ आमच्या लोकांना वस्तू विकत घेण्याचा उत्साह फार. मी म्हटले, मॅट पुढे पाहू, आधी मुरूम उकरा. तेरा बाय दहाची जागा वीतभर उकरली, ओढ्याकाठची माती चाळून भरली, शेणखताचा हात दिला. वीस मिनिटांचा क्रम बसविला. पोरे पहिल्या आठवड्यात हसली. डोळे मिटून एका पायावर उभे असलेल्या गड्यांना पाहून पारावरच्या मंडळींनी ‘बगळ्यांची शाळा’ असे नाव ठेवले, ते अजून चालू आहे. मुलींनी मात्र न हसता तो उचलला. त्यांची साखळी आता मुलांहून चांगली जमते, हे मी मुलांच्या तोंडावर सांगतो.

यंदा जत्रेच्या सामन्यांना दोन अटी घातल्या: अंग तापविल्याशिवाय संघ उतरणार नाही, आणि मध्यरात्रीनंतर शिट्टी वाजणार नाही. यावरून वाद झाला. गर्दी तर बारानंतर जमते, देणगीदार तेव्हा येतात, असे काही मंडळांचे म्हणणे होते. ते खोटेही नव्हते. दोन संघ रागावून निघून गेले. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, वीस मिनिटे केली. उरलेले सामने दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, तेव्हा बघावयास माणूस थोडे होते आणि खेळ बरा झाला.

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे. शहरातील मंडळी जत्रेला आपल्या गावी जातात, बक्षिसे लावतात, चढाईला शंभराची नोट काढतात. एखाद्या वेळी नोट पकडीवर लावा, आणि ती तिघांत वाटून द्या. दुसरे असे की, एखादी सकाळ सराव पाहण्यात घालवा. पोरांना आपल्याकडे कोणी बघते आहे हे कळले, की ती न चुकता येतात. तालमीच्या उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचा उपयोग तोच होता. आमच्या मैदानावर रविवार सोडून रोज पहाटे साडेपाचला सराव असतो. सहानंतर आलात तर निम्मे हुकेल. पहिल्या एस.टी.च्या भरवशावर राहू नका, आपल्या वाहनाने या. आणि बसावयास काहीतरी बरोबर आणा. तेथे खुर्च्या नाहीत.