काट्यावरचा आकडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज सकाळी आपल्या मंडळात वजनकाटा ठेवला होता. काट्यावरून उतरताना कुणी हसत होत्या, कुणी पदराने कपाळ पुसत होत्या, आणि चिठ्ठीवरचा आकडा मात्र सगळ्याजणी घडी घालून पर्समध्ये लपवीत होत्या. त्या आकड्याविषयीच चार शब्द बोलावे, असे मनात आहे.

त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय म्हणतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो निघतो. उंची दीड मीटर आणि वजन ५५ किलो असेल, तर ५५ भागिले २.२५, म्हणजे सुमारे २४.४. जगभरच्या हिशेबाने १८.५ च्या खाली वजन कमी, २५ पासून जास्त आणि ३० पासून स्थूलता. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली ही रेघ खाली आणली : २३ पासून वजन जास्त, २५ पासून स्थूलता. म्हणजे जगाच्या हिशेबात बसणारी ही बाई आपल्याकडे सावध राहण्याच्या यादीत येते.

असे का? याचे उत्तर पुण्याला मिळते. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. पण चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही त्यांना हेच आढळले. इंग्रज बाळांपेक्षा ती पुष्कळ हलकी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. काट्याला हाड, मांस, चरबी यांतला भेद कळत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेलाट्या बांध्याच्या. "तुम्हाला काय धाड भरली आहे?" असे आम्हीच थट्टेने म्हणायचो. पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि मधुमेह बराच जुना असल्याचे कळले. सडपातळ बाईला साखर कशी असेल, या समजुतीत आमची वर्षे गेली. ती चूक आमची होती.

मग हा आकडा टाकाऊ का? मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. एकाच राज्यातील उपासमार आणि अतिभार अशी स्वस्तात दिसते, ती याच आकड्यामुळे. बेल्जियमच्या केतले यांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडले, तेही समाजाची सरासरी शोधण्यासाठी. एकेका माणसाची प्रकृती पारखण्यासाठी नव्हे. १९७२ साली ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले, तेव्हा मोजली होती ती फक्त पुरुषांची शरीरे. गर्भवतीला हा हिशेब लावू नये. मुलांचे तक्ते वेगळे असतात. आणि उतारवयात स्नायू झडून चरबी वाढली, तरी आकडा जागचा हलत नाही.

तेव्हा भगिनींनो, काट्याच्या जोडीला टेप ठेवा. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर सावध व्हा. टेप नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घ्या आणि तिची निम्मी घडी करा. ती कमरेभोवती पुरली नाही, तर पोटावर चरबी साठते आहे, असे ढोबळ मानाने समजावे. आणि बारीक असा वा जाड, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपली घाटी दूर नाही. घरातल्या सर्वांची औषधे वेळेवर देणाऱ्या आपण स्वतःच्या तपासणीला मात्र "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो.

एक विनंती आणखी. सुनेला वा लेकीला जाडी म्हणून हिणवू नका, आणि बारीक आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. पर्समधली ती चिठ्ठी घरी गेल्यावर उघडा. ती निकाल नव्हे, ती विचारपूस आहे. तिला उत्तर देणे आपल्या हाती आहे.