तीन किलोची सॅक आणि भरतीची वही



मी इंदूरची. एका कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझा मुलगा, तेव्हा तो दहा वर्षांचा होता, सॅक पाठीवर टाकून बारा दिवस अंदमानात फिरलो. टूर कंपनी नाही, गाडी नाही, बरोबर तिसरं माणूस नाही. तेव्हापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. भीती नाही वाटली? आणि खर्च किती आला? दोन्हींची उत्तरं देते. पण त्या प्रवासातून मला जे मिळालं त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून ते आज इथे सांगायचं आहे.

आधी थोडी घरची माहिती. आमच्या घरात आम्ही दोघंच. मुलाचे बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात मराठी बोलायला दोनच माणसं उरली, आणि त्यातलं एक हिंदीत उत्तर द्यायला लागलं होतं. मी म्हणायची, "दूध पी." तो म्हणायचा, "पी लूँगा." इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, कुठल्याही शहरातल्या मराठी घरात हे ओळखीचं असेल. त्यात आमचं बोलणंही सूचनांपुरतं राहिलं होतं. ऊठ, आवर, अभ्यास कर, झोप. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी घर सांभाळणाऱ्या कुठल्याही आईकडे याहून जास्त वेळ नसतो.

समुद्रच बघायचा तर मालवणला का नाही गेलात, असंही विचारतात. मालवण माझं माहेर. तिथे आजी आहे. तिथे त्याला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. मला अशी जागा हवी होती जिथे त्याला स्वतःचं वजन स्वतः उचलावं लागेल.

वजनाचं म्हणाल तर शाळेच्या दप्तरासाठी 2020 साली सरकारी धोरण आलं, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं म्हटलं आहे. आम्ही तेच माप धरलं. तो तीस किलोचा, सॅक तीन किलोची. दोन जोड कपडे, टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली, रबरी सॅन्डल आणि एक वही. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे त्यानेच ठरवलं. औषधं, ओआरएसच्या पुड्या, कागदपत्रं माझ्याकडे.

पहिला मुक्काम पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजय पुरमला. मराठी माणूस तिथे गेला की सेल्युलर जेलला जातोच, आम्हीही गेलो. मूळ इमारतीच्या सात भुजा, त्यातल्या आता तीनच उरल्या आहेत. एका भुजेतल्या कोठड्यांची दारं पुढच्या भुजेच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंडही दिसू नये. सावरकर 1911 मध्ये तिथे गेले, त्यांचे मोठे भाऊ बाबाराव त्याआधीपासून तिथेच होते. मुलाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दोघं एकाच घरात, और बात नहीं कर सकते थे?" मी "हो" म्हटलं. पुढे काही बोलले नाही.

तिथून सरकारी बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, आणि नंतर शहीद द्वीप, म्हणजे नील. ही नावं 2018 मध्ये बदलली, पण धक्क्यावर अजून जुनीच चालतात. सरकारी बोटी खासगी जहाजांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत. तिकिटासाठी रांगेत उभं राहावं लागतं आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते. खर्चाचं उत्तर हेच. राहायला लोकांच्या घरातल्या खोल्या, जेवायला मासे-भात, फिरायला बस आणि भाड्याची सायकल. वेळ जास्त द्यायची तयारी असेल तर पैसे कमी लागतात.

आता भीतीचं. अंदमानातल्या खारफुटीच्या खाड्यांत मगरी आहेत. जिथे मगरीची पाटी, तिथे पाण्यात पाऊल नाही. लाल बावटा असेल तर नाही. एकट्याने कमरेच्या वर नाही. आणि हिवाळ्यात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण बेटं इतकी पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच चालतं. म्हणून चारनंतर पोहायचं नाही. हे नियम मी त्याला पहिल्याच दिवशी वहीत लिहायला लावले. गंमत अशी की त्यानंतर मला "नको" म्हणावंच लागलं नाही. पाटी बघून तोच "नको" म्हणायचा.

पाचव्या दिवशी आम्ही नीलला होतो. लक्ष्मणपूर किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येतं. मी म्हटलं, "आत्ता भरती आहे, दुपारी जाऊ."

तो थबकला. "कौन भरती है?"

मला समजायला क्षणभर लागला. हिंदीत भरती होणं म्हणजे दवाखान्यात दाखल होणं. आमच्या घरात हा शब्द सहा महिने रोज बोलला गेला होता. शेजारी विचारायचे, शाळेत बाई विचारायच्या, आणि हा सांगायचा, "बाबा भर्ती हैं." त्याच्यासाठी या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

मी वाळूत बसले. त्यालाही बसवलं. सांगितलं की मराठीत समुद्राचं पाणी वर चढतं त्याला भरती म्हणतात, आणि उतरतं त्याला ओहोटी. दिवसातून साधारण दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "हर बार वापस जाता है?" मी म्हटलं, "हो, प्रत्येक वेळी."

त्या दिवसापासून भरती-ओहोटी बघणं हे त्याचं खातं झालं. किनाऱ्यावर काठी रोवून पाणी कुठवर आलं ते तो मोजायचा आणि वहीत वेळ लिहायचा. मालवणच्या आजीला फोन लावला. ती म्हणाली, "आधी तिथी सांग, मगे सांगतंय." कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन. अंदमानात तो जुळला नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. पण रोज ती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, हे मात्र तिथेही खरं निघालं. आजी चुकली आणि बरोबरही निघाली, याचा त्याला कोण आनंद! अमावास्या-पौर्णिमेची ती उधाणाची भरती आणि अष्टमीच्या आसपासची ती भांगाची, हे शब्दही आजीनेच दिले. आम्ही राहत होतो त्या घरातल्या बंगाली मावशींकडून त्याने "जोआर" आणि "भाटा" घेतले. त्यांचं कुटुंब पूर्व बंगालातून येऊन तिथे वसलेलं. वहीत एका ओळीत तीन भाषा.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा कमानीजवळ होतो. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांच्या डबक्यांत छोटे मासे, शिंपले, शंखात राहणारे खेकडे. हे खेकडे वाढले की मोठा रिकामा शंख शोधतात. म्हणून किनाऱ्यावरचा रिकामा शंख हे कुणाचं तरी पुढचं घर असतं. प्रवाळ उचलणं तर कायद्याने गुन्हाच आहे. हे कळल्यावर त्याने खिशातले चार शंख स्वतः परत ठेवले.

मी खडकावर बसले होते. तो घड्याळ बघून आला आणि म्हणाला, "आई, पाणी फिरलं. चल."

मराठीत. मी उठले. का, किती वेळ आहे, असं काही विचारलं नाही. अर्ध्या तासात आम्ही चाललो ती वाट पाण्याखाली होती.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. घरी प्रत्येक गोष्टीचं कारण "आई म्हणते म्हणून" असतं. बेटावर कारण समुद्र असतो, बोट असते, सूर्य असतो. तिथे आई आणि मूल दोघंही त्याच वेळापत्रकाची माणसं. मूल आईला "चल" म्हणू शकतं, आणि आईला ते पाळावं लागतं. आमचा परतीचा बेत एका रद्द फेरीमुळे एक दिवस लांबला, तेव्हा धक्क्यावर तो कुरकुरला नाही. म्हणाला, "हवा खराब आहे, त्यांनी तरी काय करायचं?"

तो आता सगळं मराठीतच बोलतो, असं मी सांगणार नाही. मित्रांशी हिंदी, शाळेत इंग्रजी, माझ्याशी दोन्हींची मिसळ. पण भरती हा शब्द तो आता घाबरून ऐकत नाही.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर अंदमानच पाहिजे असं नाही. गोकर्ण आहे, तारकर्ली आहे, ओडिशाचा किनारा आहे. फक्त तीन गोष्टी करा. मुलाची सॅक मुलाला भरू द्या. एक मोकळा दिवस हाताशी ठेवा. आणि एखादं खरं काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा, असं काम की ज्यात त्याने "चल" म्हटलं की तुम्हाला उठावं लागेल.