सूर्य कोणाच्या शोकात झाकोळत नाही

ग्रहण जवळ आलं की आपल्याकडे दोन पक्ष ठरल्यासारखे समोरासमोर उभे राहतात. एका बाजूला वेध, स्नान, जप आणि दान. दुसऱ्या बाजूला काळे चष्मे, दुर्बिणी आणि गणिताची कोष्टकं. श्रद्धा असेल तर कुतूहल नको आणि कुतूहल असेल तर श्रद्धा नको, असं दोघांनीही जणू गृहीत धरलेलं असतं. या भांडणात इस्लामी परंपरेतली सूर्यग्रहणाची नमाज, जिला अरबीत सलातुल कुसूफ म्हणतात, सहसा पहिल्या पक्षात ढकलली जाते. ग्रहण लागलं, लोक घाबरले, मशिदीत गेले, एवढ्यावर तिची बोळवण होते. ही नमाज कोणत्या प्रसंगी सुरू झाली आणि तिचे नियम काय आहेत हे नीट पाहिलं, तर मात्र ती त्या पक्षात बसत नाही. ग्रहणाला शकुन-अपशकुन मानायला नकार देऊनच ती सुरू झाली आहे, आणि म्हणूनच खगोलगणिताशी तिचं भांडण असण्याचं कारण नाही, हे आज मला मांडायचं आहे.

प्रसंग मदिनेतला. हजरत मुहम्मद पैगंबरांना मारिया किब्तिया यांच्यापासून झालेला मुलगा इब्राहीम जेमतेम दीड वर्षांचा असताना वारला. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. आजचे अभ्यासक हे ग्रहण 27 जानेवारी 632 या दिवसाशी जोडतात. त्या दिवशी मदिनेत सूर्यबिंबाचा मोठा भाग झाकला गेला होता असं गणित सांगतं, आणि तेही सकाळच्या वेळी. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्या कथनातली वेळही दिवस वर चढत असतानाचीच आहे. लोकांनी साहजिकच अर्थ लावला, की पैगंबरांचा मुलगा गेला म्हणून सूर्यही काळवंडला. अरबस्तानात हा समज जुनाच होता. कोणी थोर माणूस गेला की आकाशही शोक करतं. आता विचार करा. एखाद्या धर्मसंस्थापकाला आपल्या बाजूने यापेक्षा मोठी साक्ष कुठे मिळाली असती? काही बोलण्याचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. पैगंबरांनी मात्र नमाज पढवून झाल्यावर लोकांना स्पष्ट सांगितलं, की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसलं की नमाज पढा आणि दुआ मागा. पैगंबरांच्या वचनाची ही नोंद, म्हणजे हदीस, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अनेक कथनकर्त्यांकडून आलेली आहे. बुखारींनी तर ग्रहणासाठी वेगळा भागच ठेवला आहे. पोटचा मुलगा गेलेला असताना, भोवतालचे लोक सांत्वनाच्या ओघात सूर्यालाही त्या शोकात ओढत असताना, त्यांना तिथल्या तिथे थांबवणं ही लहान गोष्ट नव्हे. हा नकार आणि नमाजेचा आदेश एकाच भाषणात आले आहेत. त्यातला आदेश तेवढा उचलायचा आणि नकार सोडून द्यायचा, असं करता येत नाही.

आता नमाजेच्या रचनेकडे वळू. तिला अजान नाही, जमात उभी राहताना दिली जाणारी इकामतही नाही. नमाजेसाठी एकत्र या, एवढीच हाक द्यायची. रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, दोन. पण बहुतेक पंथांच्या मते प्रत्येक रकातीत एकाऐवजी दोनदा रुकू (कमरेतून वाकणं). म्हणजे उभं राहून दीर्घ कुराणपठण, मग लांबलेला रुकू, मग पुन्हा उभं राहून थोडं कमी पठण, पुन्हा रुकू, आणि त्यानंतर दोन सजदे (कपाळ जमिनीला टेकवणं). इब्न अब्बास सांगतात की पहिलं उभं राहणं सूरा अल्-बकरा म्हणायला लागेल इतक्या वेळाचं होतं. ही कुराणातली सर्वांत मोठी सूरा. हजरत अबू बकर यांच्या कन्या अस्मा यांची या प्रसंगाची साक्ष तर फार बोलकी आहे. त्या आल्या तेव्हा लोक नमाजेत उभे होते आणि बहीण आयशाही त्यांच्यात होती. काय झालंय, असं अस्मांनी विचारलं. आयशांनी नमाज न मोडता आकाशाकडे बोट केलं आणि सुब्हानल्लाह म्हटलं. ही निशाणी का, या पुढच्या प्रश्नाला त्यांनी फक्त मान हलवली. अस्मा मग जमातीत उभ्या राहिल्या, आणि उभं राहणं इतकं लांबलं की त्यांना घेरी यायला लागली. शेवटी त्या डोक्यावर पाणी ओतू लागल्या. ग्रहण हळूहळू लागतं, हळूहळू सुटतं, आणि नमाजही त्याच्या चालीने चालते. रोजच्या पाच नमाजांत असं कुठे होत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ग्रहण सुटेपर्यंत नमाज पढा असं हदीस म्हणते, सदका, म्हणजे दान, द्या म्हणते, अस्मांच्या एका कथनाप्रमाणे गुलाम मुक्त करा असंही म्हणते. मग आपल्या गल्लीबोळांत ग्रहणाच्या वेळी ऐकू येणाऱ्या ‘दे दान, सुटे गिराण’ या आरोळीत आणि यात फरक काय राहिला? नमाजेने ग्रहण सुटतं, असंच सांगितलं जात नाही काय? याचं उत्तर नियमांतच आहे. ग्रहण सुटून गेलं आणि नमाज पढायची राहिली, तर तिची कजा नाही. ती भरून काढायची नसते. नमाज चालू असताना सूर्य मोकळा झाला तर ती आटोपती घ्यायची, पण अर्ध्यावर सोडायची नाही. उलट नमाज संपली आणि ग्रहण अजून बाकी असेल, तर बहुतेक फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते ती पुन्हा पढायची नाही, दुआ आणि जिक्र (नामस्मरण) करत बसायचं. ही नमाज ग्रहणावरचा उतारा असती तर नियम नेमके उलटे असते. सूर्य सुटत नाही म्हटल्यावर पुन्हा पढा म्हटलं असतं, आणि सुटला म्हटल्यावर काम झालं, थांबा म्हटलं असतं. ग्रहण ही या नमाजेची वेळ आहे, जशी सूर्यास्त ही मगरीबच्या नमाजेची. मगरीब पढल्याने सूर्य मावळतो असं कोणी म्हणत नाही. सदक्याचंही तेच. दान द्यायचं ते ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. सूर्याला कोणाच्या पैशाची वाट पाहायची नसते.

भीतीचं काय, हा दुसरा प्रश्न. अल्लाह या निशाण्यांनी आपल्या बंद्यांना भय दाखवतो, हे शब्द हदीसमध्ये आहेत. अंगावरची चादर फरफटत पैगंबर घाईने मशिदीकडे गेले, हेही आहे. ते लपवून मी माझा मुद्दा सोपा करणार नाही. पण भय कशाचं, हे पाहायला हवं. कुराणातल्या अल्-कियामा या सूरेत चंद्र काळा पडणं आणि सूर्य-चंद्र एकत्र आणले जाणं ही शेवटच्या दिवसाची चिन्हं म्हणून येतात. रोज निमूट उगवणारा सूर्यही कायमचा नाही, ही जाणीव ग्रहणात डोळ्यांसमोर उभी राहते. हे भय सावलीचं नाही, कोण्या ग्रहाचं किंवा राक्षसाचं तर नाहीच. सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, त्यांना घडवणाऱ्याला करा, अशी आज्ञा कुराणात आहे, आणि इमाम शाफई ग्रहणाच्या नमाजेच्या संदर्भात तीच आयत पुढे करतात.

पण ग्रहण मिनिटासेकंदानिशी आधी कळतं म्हटल्यावर त्या जाणिवेत राम उरतो का? हा आक्षेप आजचा वाटतो, पण तो नऊशे वर्षांपूर्वी इमाम गझाली यांच्यासमोर होता. तत्त्वज्ञांवर तुटून पडणाऱ्या ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा विषय घेतला आहे. चंद्र सूर्याच्या आड येतो म्हणून सूर्यग्रहण आणि पृथ्वी मध्ये येते म्हणून चंद्रग्रहण, हे भूमितीने सिद्ध झालेलं आहे. धर्माच्या नावाखाली त्याच्याशी वाद घालणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो, असं त्यांचं म्हणणं आहे. ज्याला ते गणित पटलेलं आहे त्याला गणिताची शंका येणार नाही, धर्माचीच येईल, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. अर्थात गझालींना हे लिहावं लागलं, याचाच अर्थ असा वाद घालणारे तेव्हाही होते. अल्लाह एखाद्या वस्तूवर प्रकट झाला की ती त्याच्यापुढे नमते, असा तुकडा ग्रहणाच्या हदीसला जोडून ही मंडळी गणित खोडायला निघत. तो तुकडा विश्वसनीय परंपरेतला नाही, असं गझालींनी सांगितलं. त्यांच्यानंतर दोन शतकांनी आलेले इब्न तैमिया तर तत्त्वज्ञानाचे कट्टर विरोधक. तरी ग्रहणाच्या बाबतीत त्यांनी चक्क गणिताने इतिहास तपासला. वाकिदी या इतिहासकाराने इब्राहीमच्या मृत्यूची तारीख रबिउल अव्वल महिन्याची दहावी दिली आहे. इब्न तैमिया म्हणतात, हे शक्यच नाही. सूर्यग्रहण चांद्रमासाच्या अखेरीसच लागतं, दहा तारखेला कसं लागेल? ईद आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आलं तर आधी कोणती नमाज, अशी चर्चा करणाऱ्या फकीहांनाही त्यांनी याच मुद्द्यावर टोकलं आहे. अमावास्येला सूर्यग्रहण आणि पौर्णिमेला चंद्रग्रहण हे आपल्याकडच्या पंचांग चाळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण धर्मशास्त्राच्या पोथीत ते कसोटी म्हणून वापरलं जावं, हे विशेष. मात्र नमाज गणितावर नाही, ग्रहण प्रत्यक्ष दिसण्यावर ठरते, हा भेदही त्यांनी राखला.

केवळ ग्रंथांतलाच पुरावा हवा असं नाही. इब्न यूनुस हा इजिप्तचा खगोलज्ञ लिहितो, की 977 सालच्या डिसेंबरात काही विद्वान कैरोजवळच्या कराफा इथल्या एका मशिदीत सूर्यग्रहण पाहायला जमले होते, आणि सूर्य क्षितिजापासून 15 ते 16 अंशांच्या दरम्यान वर असताना ग्रहण लागल्याचं त्यांना जाणवलं. मशीद आणि वेधशाळा त्या सकाळी एकाच जागी होत्या. अशा नोंदी आज पृथ्वीच्या फिरण्याची गती शतकानुशतकं कशी बदलत गेली हे ठरवायला उपयोगी पडतात. अल्-बिरुनीनेही भारतावर लिहिताना, ग्रहणाचं कारण छायेत सांगितलं म्हणून वराहमिहिराचं कौतुक केलं, आणि छायेचं गणित येत असूनही ब्रह्मगुप्त राहूचा पक्ष का घेतो, असा प्रश्न विचारला; सॉक्रेटिसासारखा प्रसंग ओढवू नये म्हणून घेत असेल, असा तर्कही त्यानेच केला. लोकांना न दुखवता खरं सांगायचं संकट कोणत्याही एका धर्माच्या वाट्याला आलेलं नाही.

म्हणूनच आपल्या घरांतल्या चालीरीतींबद्दल बोलायला हवं. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरू नये, सुई हाती धरू नये, सरळ पडून राहावं, हे निर्बंध आपल्याकडे हिंदू घरांत आहेत तसे अनेक मुसलमान घरांतही पाळले जातात. त्यांना कुराणात आधार नाही, हदीसमध्ये नाही. उलट आयशा आणि अस्मा त्या वेळी जमातीत उभ्या होत्या, आणि ग्रहणात पुरुषांबरोबर स्त्रियांच्या नमाजेवर बुखारींनी स्वतंत्र प्रकरण बांधलं आहे. पैगंबरांच्या मशिदीत बायका ग्रहणाला उभ्या राहिल्या आणि आपण त्यांना खोलीत कोंडून ठेवतो, यातलं धर्माचं कोणतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

महाराष्ट्रात या नमाजेच्या दोन पद्धती शेजारीशेजारी आहेत. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे, देशावरचे बहुतांशी हनफी पंथाचे. शाफई पद्धतीत एका रकातीत दोन रुकू आणि नंतर खुतबा, म्हणजे प्रवचन; हनफी पद्धतीत नेहमीसारखा एकच रुकू आणि खुतबा नाही. वेळेचाही फरक आहे. 25 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळीतच, मुंबईत पाचच्या सुमारास ग्रहण लागलं आणि सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. हनफी नियमाने असर (दुपारनंतरची नमाज) पढून झाल्यावर सूर्यास्तापर्यंत अशी नमाज नाही, फक्त दुआ. शाफईंना ती चालते, कारण तिला ग्रहणाचं निमित्त आहे. एकाच आकाशाखाली एक नमाजेला उभा राहील आणि दुसरा तस्बीह (जपमाळ) घेऊन बसेल, दोघांपाशी आपापली दलील आहे.

यापुढचं एक मोठं ग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी आहे. खग्रासाचा पट्टा इजिप्तमधल्या लक्सरवरून जेद्दा आणि मक्केवर येईल, आणि मक्केत दुपारी पाच मिनिटांहून अधिक काळ सूर्य पूर्ण झाकलेला राहील. महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. मशिदींच्या कमिट्यांना माझी विनंती आहे, की नमाजेची वेळ आधी जाहीर करा, बायकांसाठी जागा ठेवा, आणि त्याच फलकावर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, ग्रहणाचे प्रमाणित चष्मे वापरा, हेही लिहा.