मराठी शिकून करणार काय?



मी इंजिनिअर आहे. दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये नोकरी करतोय. साहित्याच्या शिक्षणावर बोलायला हा कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असणार. तर ऐका. तीन वर्षांपूर्वी माझ्या खालाच्या मुलीला बारावीत चांगले मार्क पडले आणि तिनं घरात सांगून टाकलं, मी मराठी घेऊन बीए करणार. घरात सुतकी शांतता. खालूंचा मला फोन आला, "बेटा, तू शिकलेला आहेस. तुझं ऐकते ती. समजाव जरा."

मी गेलो समजवायला. एमए करावं लागेल, मग नेट-सेट. ते सगळं करूनही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. यातलं काही खोटं नव्हतं. आजही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाई, आपल्यासारखं घर तू मराठी पुस्तकात कधी वाचलंस?"

मला ईद आणि शिरखुर्मा आठवला. त्यापुढे काही आठवेना.

पुस्तकं नव्हती असं नाही. मी वाचली नव्हती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, हे मला तिशीनंतर कळलं. हमीद दलवाई आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात ते चळवळीमुळे. त्यांच्याशी वाद घालणारेही पुष्कळ. पण कोकणातल्या मुसलमान कुटुंबावरची त्यांची 'इंधन' ही कादंबरी वाचलेले किती? हात वर करा. बघा! आणि १९९० साल घ्या. त्या वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते यू. म. पठाण. संतसाहित्याचे अभ्यासक, मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवलेले. तरी दहावीत माझा निबंध वर्गात वाचून झाल्यावर आमच्या बाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "मुसलमान असून किती छान मराठी!" मी खूष झालो होतो. त्या खुषीची मला आता लाज वाटते.

साहित्य शिकणं म्हणजे गोष्टी वाचत बसणं, असा आपला समज. बहिणीच्या अभ्यासात भाषाविज्ञान आहे, समीक्षा आहे, मध्ययुगीन वाङ्मय आहे. आपण घरात बोलतो ती दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं. तिला ते पहिल्याच वर्षी खोडता आलं. दखनीला स्वतःचं व्याकरण आहे, जुनं वाङ्मय आहे, आणि आपलं 'नक्को' मराठीतल्या 'नको'वरून आलंय. हे तिनं जेवताना सांगितलं तेव्हा खालू हसले, पण नंतर दोन दिवस ते ज्याला-त्याला हेच सांगत होते.

सर्जनशील लेखनाचं म्हणाल तर मराठीच्या अभ्यासक्रमात त्याला फार तर एखादा पेपर मिळतो. प्रतिभा कोणी शिकवू शकत नाही, हे मान्य. पण आपलं लिखाण दहा जणांसमोर वाचायचं, ते फाडतील तेव्हा गप्प बसायचं आणि पुन्हा लिहायचं, ही सवय शिकवता येते. आमच्याकडे कोड तपासून घेतात तसंच. पहिल्यांदा राग येतो.

पैशाचं मी टाळणार नाही. ज्यांच्या घरी लगेच पगार हवाय, त्यांनी बीएडचा किंवा भाषांतराचा, मुद्रितशोधनाचा विचार सुरुवातीपासून ठेवावा. इंग्रजी पक्कं करावं. किंवा आधी नोकरी धरावी. मी गेल्या वर्षी एका मुक्त विद्यापीठात एमए मराठीला प्रवेश घेतला. इंजिनिअरिंगची पदवी आड आली नाही. रात्री अकरानंतर वाचतो, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा झोपतो. पण ज्या मुलीला अठराव्या वर्षी हे हवंय, तिला माझ्यासारखं पस्तिशीपर्यंत थांबवू नका.

बहिणीनं त्या पेपरसाठी एक गोष्ट लिहिली, दादीवर. पहिल्या खर्ड्यात दादी शुद्ध मराठीत बोलत होती. वर्गातली मुलं म्हणाली, ही म्हातारी बातम्या वाचतेय. मग तिनं दादीचं सगळं बोलणं दखनीत केलं. आता प्रश्न आला, खाली अर्थ द्यायचा का? वर्गात दोन तट पडले. सरांनी निर्णय तिच्यावर सोडला आणि तिनं अर्थ दिला नाही.

घरी तिनं ती गोष्ट वाचून दाखवली. खालू शेवटपर्यंत खाली मान घालून बसले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "अम्मी 'काय कू' असं तोडून नव्हती बोलत. 'कायकू' म्हणायची, एका दमात."

तिनं पेन घेतलं आणि सगळीकडे दुरुस्त केलं.