एक घटका आपली
(समुदाय रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आत्ता कुणी चुलीवर भात टाकला असेल, कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी लेकराला मांडीवर घेऊन बसली असेल. हातातलं काम सोडू नका. आजचं बोलणं काम करता करता ऐकायचंच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. पैसे गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. मी सहज विचारलं, "बायांनो, शेवटचं पुस्तक कधी वाचलं?" सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "दहावीची परीक्षा झाली तेव्हा." दुसरी म्हणाली, "ताई, इथे पोळीला पीठ भिजवायला वेळ नाही, पुस्तक कुठलं!" मग मी विचारलं, "अन् क्रोशाची सुई?" तर चौघींच्या पेटीत अर्धवट तोरणं, अर्धवट रुमाल निघाले. लग्नाआधी रुखवतासाठी बदकं, तोरणं, आसनं करणाऱ्या याच बाया. लग्न लागलं आणि सुई पेटीत गेली.

वेळ नाही हे खोटं नाही. सरकारने 2019 साली देशभर पाहणी केली होती, कोणाचा दिवस कशात जातो याची. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी 299 मिनिटं घरकामात जात होती, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. आणि असे पुरुषही चारात जेमतेम एक. यात शेताचं आणि मजुरीचं काम धरलेलं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पऱ्हे आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी आणि चुरणी, उन्हाळा लागला की मोहफूल, मग तेंदूपत्ता. पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी धानही. म्हणून "जरा सवड मिळाली की करीन" असं म्हणणाऱ्या बाईची सवड कधीच येत नाही.

पण आज मला दुसरंही एक कारण सांगायचं आहे. ते मला माझ्याच घरात उशिरा कळलं.

माझ्या सासूबाई वाकळ फार सुंदर शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवून, बारीक सरळ टाके घालत. एक वाकळ त्यांनी अर्ध्यात सोडली. सहा वर्षं ती घडी करून ठेवलेली. आम्ही म्हणायचो, "आता त्यांचं मन लागत नाही." एके दिवशी नातीने विचारलं, "आजी, ही पूर्ण का नाही करत?" तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सुईत दोरा जात नाही, बाई. दरवेळी कुणाला हाक मारू?"

मला लाज वाटली. एकाच घरात राहून मी कधी विचारलं नव्हतं. आणि मनात दुसरीही गोष्ट टोचली. मीही वर्षभरापासून पुस्तक हातात घेऊन ठेवून देत होते. अक्षरं पुसट दिसायची, कपाळ दुखायचं. मी स्वतःला सांगायची, "वेळ नाही."

आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगीच नाही. चाळीस ओलांडली की जवळचं अंधुक दिसायला लागतं. तो आजार नाही, वय आहे. पण सुई, अक्षर आणि तांदळातला खडा, तिन्ही एकदमच दुरावतात आणि बाई समजते की आपला नाद संपला. आम्ही सासूसुना एकत्र ग्रामीण रुग्णालयात गेलो. डोळे तपासले, दोघींना चष्मा लागला. सासूबाईंना मोतिबिंदू आहे का तेही पाहून घेतलं. त्या पावसाळ्यात वाकळ पूर्ण झाली. मैत्रिणींनो, चाळिशी पार केलेल्या प्रत्येकीने आधी डोळे तपासून घ्या. मग वेळेचं बोलू.

आता वेळेचं. घरात सुईकामाला एक वेळ परवानगी मिळते, कारण त्यातून वस्तू दिसते, चार पैसेही येतात. आपल्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोशाचं विणकाम आहे. तिथे कांड्या भरणाऱ्या बाईला तो छंद नाही, घरचा धंदा आहे, त्यात तिचा घाम आहे. त्याचा मोबदला तिला मिळालाच पाहिजे. पण प्रत्येक टाका विकण्यासाठीच घालायचा असंही नाही. आमच्या गटातल्या एकीने तोरणांची ऑर्डर घेतली. पैसे आले, पण रात्री जागून पन्नास एकसारखी तोरणं विणताना तिला सुईचा कंटाळा आला. आता ती दरवर्षी एक तोरण स्वतःच्या दारासाठी विणते, हव्या त्या रंगाचं. ते विकायचं नाही, असं तिने घरात सांगून ठेवलं आहे.

पुस्तकाचं मात्र अवघड. वाचणारी बाई रिकामी बसली आहे असंच सगळ्यांना दिसतं. अशा वेळी मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. 1929 चा जन्म, दलित कुटुंब, संसार मोठा. त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. बेबीताई पुडी बांधायच्या आधी ती रद्दी वाचायच्या. वाचता वाचता आपल्या समाजाचं, बायांचं जगणं लिहू लागल्या, तेही दुकानात बसून. घरात कळलं तर काय होईल या धाकाने ते लिखाण त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवलं. 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं आणि त्याचं पुढे इंग्रजीतही भाषांतर झालं. त्यांच्याकडे ना निवांत दुपार होती, ना वेगळी खोली. गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ होता.

पण मला वाटतं, आपल्या लेकीसुनांना लपवावं लागू नये. यासाठी एक जुनी रीत आपल्याकडेच आहे. श्रावणात एक बाई पोथी वाचते आणि बाकीच्या फुलवाती वळत ऐकतात. हातही चालतात, कानही चालतात. आमच्या गटाने तेच धरलं. बैठक संपली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं, जिला नीट वाचता येतं ती मोठ्याने वाचते. बाकीच्या आपापलं सुईकाम घेऊन बसतात. जिला अक्षरओळख नाही तीही पुस्तक ऐकते आणि मग सगळ्यांत जास्त तीच बोलते. पहिल्या दोन वेळी चौघीच थांबल्या. आता कुणी उठत नाही. गोष्ट अर्ध्यात राहिली तर पुढच्या बैठकीची वाट पाहतात.

पुस्तकं कुठून आणायची? गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हा. 1967 च्या कायद्याने अशा ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. तिथली पुस्तकं आपल्यासाठीही आहेत. वाचनाची सवय मोडली असेल तर जाड पुस्तकाने सुरुवात करू नका. लेकरांच्या दप्तरातली पुस्तकं घ्या, बालभारतीचं 'किशोर' मासिक घ्या. 1971 पासून निघतं, भाषा सोपी.

आणि घरच्यांशी एकदा नीट बोला. "मला वेळ द्या" एवढंच म्हटलं तर कुणाला समजत नाही. "शनिवारी संध्याकाळी सातला चहा तुम्ही करा, मी गटात बसते" असं म्हटलं की समजतं. आमच्या घरी पहिल्या शनिवारी चहा उतू गेला. दुसऱ्या शनिवारी गोड जास्त झाला. मी काही बोलले नाही. आता बरा होतो.

रोवणीच्या महिन्यात वाचन होणार नाही, टाकाही पडणार नाही. पडू नये तर नको. त्याचं ओझं घेऊ नका. पुस्तकात खूण घालून ठेवा, सुई कापडाला टोचून ठेवा. पाऊस ओसरला की तिथूनच धरा.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. ती वाकळ आता नात पांघरते. चष्मा पेटीत आहे. ती वाकळ पाहिली की मला एवढंच वाटतं, ती सहा वर्षं वाया जायला नको होती. तुमच्या घरातही कुणाची अर्धवट वाकळ घडी करून ठेवली असेल. आज रात्री जेवणं झाली की तिला विचारा, का थांबलीस?

येते मी. नमस्कार.