पंत स्टेडियमच्या पायऱ्यांवरून



भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. भिलाईच्या बास्केटबॉलची गोष्ट मात्र पायऱ्यांवर बसणाऱ्यांनीच सांगावी.

आपल्याच शाळेतून महाविद्यालयात गेलेला एक विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना हटकून जाई. आपल्या संघासाठी तो घसा बसेपर्यंत ओरडे. मुलांचा सामना आटोपला, की सायकल काढून थेट घरी. मुलींचा सामना नंतर असे. तो त्याने एकदाही पाहिला नाही.

पुढे सेक्टर एकच्या त्याच पंत स्टेडियमवर, पोलाद कारखान्याच्या सेवेतील प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींचा संघ घडवला. सीमा सिंग आणि अंजू लाकरा भारताकडून खेळल्या. कानपूरहून आलेली पूनम चतुर्वेदी तर सात फुटांना भिडणारी! २००० साली जन्मलेल्या छत्तीसगडचा दबदबा देशाच्या मैदानांवर बसवला तो या मुलींनी.

पटेल २०१८ मध्ये गेले. तो प्रेक्षक आता नातीला घेऊन संध्याकाळी स्टेडियमवर येतो. मुलांचा खेळ संपतो, माणसे उठू लागतात. नात हात ओढते. तो म्हणतो, “थांब गं, आता मुली उतरतील.”