ड्रायरमधील नाणी

बेळगावचा पाऊस कोसळतो कमी आणि रेंगाळतो फार. जुलै लागला की दोरीवरचा सदरा दुसऱ्या दिवशीही हाताला दमटच लागतो आणि शाळेचे गणवेश सकाळी इस्त्री फिरवून कसेबसे कोरडे करावे लागतात. अशा गावात धुलाईयंत्राचा धुण्याचा भाग बिघडला तर एक वेळ निभावते. कपडे हाताने धुता येतात. पिळण्याचा भाग बिघडला की मात्र घर अडते. ह्या पिळण्याच्या भागाला सगळे ‘ड्रायर’ म्हणतात. वास्तविक तो कपडे वाळवीत नाही. गरम हवा सोडून कपडे कोरडे करणारी यंत्रे परदेशात घरोघर असतात, ती निराळी. आपल्याकडील दोन टाक्यांच्या यंत्रातला ड्रायर म्हणजे भोकाभोकांची एक टोपली. ती एका बंद टाकीत गरगर फिरते, पाणी भोकांतून बाहेर झटकते, एवढेच.

शहापूर भागातील एका घरात असे एक यंत्र २००९ साली आले. तेव्हापासूनचा त्या घरचा एक रिवाज होता. मोरीजवळच्या फळीवर पितळेची वाटी असे. कपडे धुवायला टाकण्यापूर्वी खिसे चाचपावयाचे आणि जे सुटे पैसे निघतील ते त्या वाटीत टाकावयाचे. महिनाअखेरीस त्या वाटीतून कोथिंबीर-मिरच्यांचा खर्च निघे. २०१४ पासून कामाला येणाऱ्या मावशीही हा रिवाज पाळीत.

२०२२ च्या पावसाळ्यात ही वाटी भरेनाशी झाली. मुलगा म्हणे, पँटीच्या खिशात पाचाचे नाणे होते. घरधनी म्हणत, बसचे सुटे रुपये सदऱ्यात राहिले होते. वाटीत मात्र काही दिसेना. गृहिणी कोणाला एक शब्दही बोलली नाही. तिने फक्त ती वाटी उचलून आतल्या कपाटात ठेवली.

न बोलता केलेली अशी गोष्ट बोलण्याहून जड असते. मावशींच्या ती पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्यांनीही काही विचारले नाही. पण त्या दिवसापासून, कपडे यंत्रात टाकण्याआधी, प्रत्येक खिसा त्या गृहिणीच्या देखत उलटा करून दाखवू लागल्या. तीन आठवडे हा प्रकार चालला. एकाच मोरीत दोन बायका रोज उभ्या राहत आणि पावसाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नसत.

इकडे ड्रायर खडखडू लागला होता. जुने यंत्र आहे, आवाज करणारच, असे म्हणून घराने तिकडे कानाडोळा केला. त्या आवाजाचा आणि रिकाम्या वाटीचा संबंध जोडावा, हे कोणाला सुचले नाही. माणसाचा संशय नेहमी हातपाय असलेल्याकडे आधी वळतो. यंत्रावर चोरीचा आळ कोण घेणार?

नाणे ड्रायरमध्ये कसे हरवते, हे पाहण्यासारखे आहे. टोपलीच्या भोकांतून ते जात नाही. भोके फार लहान असतात. ते जाते वरून. अशा ड्रायरची टोपली मिनिटाला सुमारे १३०० ते १४०० फेरे घेते. टोपलीचा व्यास चोवीस सेंटिमीटर धरून हिशेब केला, तर कडेला असलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २४० पट जोर येतो. १९९२ साली निघालेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम वजनाचा. तो ह्या टोपलीच्या भिंतीवर एक किलोहून अधिक जोराने दाबला जातो. त्याच सुमाराचे पाच रुपयांचे जाडे नाणे नऊ ग्रॅमचे. त्याचा दाब दोन किलोंच्या वर जातो. एवढ्या जोरापुढे खिशाची उसवलेली शिवण टिकत नाही. भिंत वरच्या बाजूस थोडी जरी कललेली असली तरी नाणे त्या कलावरून वर सरकते, काठावरून उडते आणि टोपली व बाहेरची टाकी यांच्यामधल्या बोटभर फटीतून थेट तळाशी जाऊन पडते. कपड्यांवर दाबून बसवावयाची जाळीची चकती असते, ती ह्यासाठीच. त्या घरची चकती केव्हाच तडकली होती आणि तिच्यावाचून काम चालते म्हणून नवी आणलेली नव्हती. मुलगा तर रात्री उशिरा येऊन आपले कपडे स्वतःच यंत्रात टाकी. तेथे खिसे चाचपण्याचा प्रश्नच नव्हता.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात एका स्त्रीची गोष्ट आहे. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी असतात आणि त्यांतले एक हरवते. ते नाणे म्हणजे मजुराच्या सुमारे एका दिवसाच्या कमाईएवढे, म्हणजे काही थोडकी रक्कम नव्हे. प्रवचनांतून ह्या गोष्टीचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण तिच्यातील एका साध्या तपशिलाकडे क्वचितच लक्ष जाते. नाणे हरवल्यावर ती स्त्री दिवा लावते आणि आपलेच घर झाडून काढते. शेजारणींना ती बोलावते खरी, पण ते नाणे सापडल्यानंतर, आनंदात वाटेकरी होण्यासाठी. शोध चालू असताना ती कोणाच्या दारात गेली, कोणाच्या हातांकडे तिने पाहिले, असे त्या गोष्टीत कोठेही नाही.

शहापूरच्या घरात हा दिवा लावला तो आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पुतण्याने. तो रविवारी जेवायला आला होता. खडखड ऐकताच म्हणाला, “काकू, आत काहीतरी धातूचं पडलंय.” घरधन्यांनी लगेच झाकण उघडून फटीत बोटे घालण्याचा विचार केला. पुतण्याने त्यांचा हात धरला आणि ते योग्यच केले. चांगल्या स्थितीतील ड्रायरचे झाकण उघडताच वीज तुटते आणि ब्रेक लागून टोपली काही क्षणांत थांबते. जुन्या यंत्रात ब्रेकची तार सैल पडते, झाकणाचा खटका अडकून राहतो, आणि झाकण उघडले तरी टोपली फिरतच असते. ओल्या कपड्याचे टोक बोटाला गुंडाळले गेले तर ते बोट परत मिळण्याची खात्री नसते. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे असा ड्रायर दुरुस्त होईपर्यंत वापरूच नये.

पुतण्याने प्रथम प्लग भिंतीतून काढला. नुसते बटण बंद करून तो थांबला नाही. मग एका दोऱ्याला लोहचुंबक बांधून त्याने तो फटीतून खाली सोडला. पहिल्या खेपेस एक सेफ्टी पिन आली. नंतर एकापाठोपाठ एक असे चार रुपये, दोन रुपयांची तीन नाणी आणि एक आठाणे वर आले. गृहिणी प्रत्येक नाणे हातात घेई आणि काही न बोलता ओट्यावर ठेवी.

टोपली हाताने फिरवली तरी आवाज येतच होता. चुंबक मात्र आता रिकामाच वर येऊ लागला. ह्याचे कारण नाण्याच्या धातूत आहे. रुपया, आठाणे ही पोलादी नाणी लोह आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची असतात, त्यामुळे ती चुंबकाला धावून चिकटतात. पाच रुपयांच्या जुन्या जाड्या नाण्यात तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल. चुंबकाला त्याची ओळखच नाही. चुंबकाने जे वर येत नाही ते आत नाहीच, असे मानून पुष्कळ लोक येथे थांबतात आणि खडखड पुन्हा सुरू झाली की यंत्राला दोष देतात.

तेव्हा यंत्राची मागची पत्र्याची बाजू उघडणे भाग पडले. तेथे मोटरीजवळ एक कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा उरलेला असू शकतो. माहितगाराखेरीज कोणी त्याला हात लावू नये. पुतण्या माहितगार होता. त्याने तो हाताळून सुरक्षित केला, मग पान्याने टोपलीच्या दांड्याची पकड सैल केली आणि टोपली वर उचलून घेतली. तळाशी साबणाचा करडा साका बसला होता. त्यात पाच रुपयांची दोन जाडी नाणी, सदऱ्याच्या गुंड्या, केसांचे आकडे आणि अगदी खाली रुतलेले एक लहान नाणे मिळाले. दांड्याभोवतीच्या रबरी बुचाला एका बाजूने काप गेला होता. त्यातून पाणी ठिबकून खालच्या मोटरीवर ओघळ उमटले होते. आणखी एक पावसाळा असाच गेला असता, तर ओल्या मोरीत ओल्या हाताने ह्या यंत्राला शिवणाऱ्या बाईला विजेचा धक्का बसण्याची वेळ आली असती. आणि त्या घरी यंत्राला सर्वांत अधिक वेळा कोण शिवते, हे सांगावयास नको.

ते लहान नाणे साका खरवडल्यावर ओळखू आले. ती पावली होती. नव्या हिशेबाने पंचवीस पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे ते नाणे त्याच्या आधीच कोणाच्या तरी खिशातून तेथे जाऊन पडले असले पाहिजे. मावशी त्या घरी कामाला लागल्या त्याच्या तीन वर्षे तरी आधी.

चालणारी नाणी मोजली तर वीस रुपये आठाणे भरली. रात्री गृहिणीने ती सर्व घासून पुसून पितळी वाटीत टाकली आणि वाटी फळीवर जुन्या जागी ठेवली.

सकाळी मावशी आल्या. वाटीकडे त्यांचे लक्ष गेले, पण त्या पदर खोचून बादली भरू लागल्या.

“मावशी, हे सगळं ड्रायरच्या तळाशी होतं,” गृहिणी म्हणाली. “वाटी मीच आत ठेवली होती. माझं चुकलं.”

मावशींनी हात पुसले. वाटीतली नाणी बोटाने सारता सारता त्यांना ते लहान नाणे दिसले. त्यांनी ते उचलून उजेडात धरले.

“ही पावली तर माझ्या आधीची की हो, वहिनी.”

“हो. तुमच्या आधीची.”

मावशींनी नाणे परत वाटीत टाकले आणि मुलाची पँट उचलली. खिसा त्यांनी त्या दिवशी उलटा करून दाखवला नाही. हात घालून आतले दोन रुपये काढले, वाटीत टाकले आणि विचारले, “ते जाळीचं झाकण कधी आणणार म्हणे?”